जुनी जीप : हौस आणि हिशेब

व्यापारी घराण्यांच्या जुन्या छायाचित्रांत एक गाडी पुष्कळदा आढळते. वाड्याच्या चौकात किंवा आडत दुकानाच्या ओट्यासमोर उभी असलेली, कापडी छताची, पुढे दोन गोल दिवे आणि मध्ये उभ्या पट्ट्यांची जाळी असलेली जीप. ज्या काळी तालुक्याच्या गावापासून खेड्यापर्यंत डांबरी रस्ता नव्हता, त्या काळी कापूस, मिरची, भुईमूग वा कांदा यांची खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला चिखलातून, नदीच्या पात्रातून आणि नांगरलेल्या शेताच्या कडेने नेणारे दुसरे वाहन नव्हते. पुढे रस्ते झाले, मोटारी सुखकर झाल्या आणि जीप गोदामाच्या कोपऱ्यात गेली. आता त्याच घरांतील तिसऱ्या पिढीला तिची ओढ लागली आहे.

या ओढीला आर्थिक कारणही आहे. चारही चाकांना शक्ती देणारी नवी गाडी घ्यावी, तर रस्त्यावर येईपर्यंत तिची किंमत दहा लाखांचा आकडा सहज ओलांडते. जुनी जीप वा जिप्सी मात्र त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमी रकमेत मिळेल, असे दिसते. मुलगा वडिलांकडे हट्ट धरतो. वडील म्हणतात, ‘भंगारात पैसा घालायचा का?’ दोघांचेही म्हणणे अर्धे खरे असते. जुनी गाडी नीट निवडली तर ती अनेक वर्षे आनंद देते आणि घेतलेल्या किमतीच्या आसपास विकलीही जाते. निवड चुकली, तर तीच गाडी पैसा, वेळ आणि कधी कधी कोर्टकचेऱ्यांत मनःस्वास्थ्यही खाते. म्हणून या व्यवहाराकडे मालाच्या खरेदीइतक्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजे.

जीपचे कूळ

या गाडीचा जन्म युद्धात झाला. १९४० साली अमेरिकी सैन्याने हलक्या, चारही चाकांनी चालणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना सादर केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्धानंतर विलीजने तीच गाडी शेतकरी आणि नागरिकांसाठी विकायला काढली.

भारतातील तिची कथा व्यापाऱ्यांना विशेष रस वाटावी अशी आहे. १९४५ साली मुंबईत महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली मुंबईतील पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. याच पेढीने विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली आणि पुढे त्यांची निर्मितीही हाती घेतली. उंच बॉनेटची जी जीप आपल्याकडे घराघरांत ओळखली जाते, ती सीजे-३बी या नमुन्याची. तिचे पेट्रोल इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होते, म्हणून बॉनेट उंच करावे लागले. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ साली थांबले. भारतात तिचा वंश मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिला.

कोणती गाडी कशासाठी

माफक बजेट असलेल्या घेणाऱ्यासमोर साधारण चार पर्याय येतात.

पहिला, जुनी पेट्रोल जीप : विलीज किंवा तिच्या धर्तीवर भारतात बनलेली. दिसायला सर्वांत देखणी, इतिहासाने सर्वांत श्रीमंत. पण तिचे वय, मंद गती आणि सुट्या भागांची शोधाशोध पाहता ती संग्राहकाची गाडी आहे. अस्सल युद्धकालीन जीप म्हणून जी दाखवली जाते, तिच्यातील पुष्कळ भाग नंतरच्या गाड्यांचे असू शकतात. इंजिन एका गाडीचे, चॅसिस दुसरीची आणि पत्रा लोहाराने नवा ठोकलेला, अशी गाडी ‘ओरिजिनल’ म्हणून चढ्या भावाने विकणे हा या बाजारातला जुना प्रकार आहे.

दुसरा पर्याय महिंद्रच्या डिझेल जीपचा : एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर इत्यादी. यांपैकी एमएम ५४० मध्ये फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन येते. इंजिन गोंगाट करते, पण ते साधे आहे. तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही ते उघडून पुन्हा बसवू शकतो. पहिल्यांदाच जुनी जीप घेणाऱ्या मराठी मुलखातील कुटुंबाला हा पर्याय बहुधा सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र एक मोठी अडचण येथेच दडलेली आहे. या जातीच्या कितीतरी गाड्या केवळ मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आहेत. बाहेरून त्या अगदी सारख्याच दिसतात.

तिसरा पर्याय मारुती जिप्सीचा. सुझुकीच्या आराखड्यावर बेतलेली ही गाडी १९८५ साली ९७० सीसी पेट्रोल इंजिनासह आली; १९९३ साली तिची चाकांमधील रुंदी वाढली आणि १९९६ साली १,२९८ सीसीची ‘जिप्सी किंग’ आली. २०१९ मध्ये नागरिकांसाठीची विक्री थांबली. ताडोबा-अंधारीच्या जंगलात पर्यटकांना फिरवणारी हिरवी उघडी गाडी बहुतेकांनी पाहिलेली असते, ती हीच. वजन सुमारे एक टन, म्हणून चिखलात आणि चढावर ती जड गाड्यांना मागे टाकते. तिची बैठक कडक आहे, पेट्रोलचा खर्च आहे आणि तिचा पत्रा गंजाला लवकर बळी पडतो. पण यंत्रणा विश्वासू आहे.

चौथा पर्याय सैन्यातून निवृत्त झालेल्या गाड्यांचा. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या पेट्रोल नावाच्या गाडीवरून बनवलेली ‘जोंगा’ ही त्यांतली राजेशाही गाडी. तिचे सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे इंजिन ऐकायला भारदस्त आहे. मात्र ते इंधन पिते तेही त्याच थाटात. माफक बजेटच्या माणसाने ती पाहावी, कौतुक करावे आणि पुढे जावे.

निवड करताना एकच प्रश्न आधी विचारावा : ही गाडी आठवड्यात किती दिवस आणि कोणत्या रस्त्याने चालणार? मळ्यापर्यंत जाण्यासाठी, पावसाळ्यात घाटमाथ्यावर फिरण्यासाठी, वर्षातून चार-सहा सहलींसाठी असेल, तर जुनी जीप शोभते. रोज दुकानात जाणे, मुलांना शाळेत सोडणे, दर महिन्याला पुणे-मुंबई प्रवास करणे, अशी अपेक्षा असेल, तर त्या पैशांत पाच-सात वर्षे वापरलेली साधी मोटार घ्यावी. जीप ही घरातील दुसरी किंवा तिसरी गाडी असते, पहिली नव्हे.

आधी कागद, मग गाडी

व्यापाऱ्याला माल पाहण्याची सवय असते, त्यामुळे तो जुनी गाडी घेताना आधी बॉनेट उघडायला सांगतो. येथे क्रम उलटा हवा. आधी नोंदणीपुस्तक, म्हणजे आरसी, मागावे. ते हाती आल्याशिवाय गाडीची चावीही फिरवू नये, कारण गाडी एकदा आवडली की कागदांतील उणिवा क्षुल्लक वाटू लागतात.

आरसीवरील चॅसिस क्रमांक आणि गाडीच्या चौकटीवर कोरलेला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन क्रमांकाचेही तसेच. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेले असण्याची शक्यता मोठी. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची तर एके काळी लाटच होती. बदल आरसीवर नोंदलेला असेल तर हरकत नाही. नोंदलेला नसेल, तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने वेगळीच गाडी ठरते. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणेच वाचले. प्रचंड टायर, कापलेली चौकट, बदललेली बॉडी यांनी नटवलेली जीप छायाचित्रात शोभते; नाक्यावर ती जप्त होऊ शकते आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

दुसरी गोष्ट मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, विलंबासाठी दरमहा ५०० रुपये आकार लागू झाला आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांचे शुल्क आणखी वाढवण्यात आले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे आठ वर्षांपासून गोठ्यात पडून असलेली, नोंदणी संपलेली जीप कोणी ‘फक्त दीड लाखात’ देऊ करत असेल, तर तिच्या कागदांचे देणे किती साचले आहे हे आरटीओत विचारल्याशिवाय तो भाव स्वस्त की महाग हे ठरतच नाही.

तिसरी गोष्ट परराज्यातील गाडीची. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या देशभर कमी भावात विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे २८ क्रमांकाचा नमुना, प्रत्यक्ष हाती असावे. आपल्या राज्यात नवा क्रमांक घेणे आणि येथील कर भरणे हा खर्च त्यात धरावा. ‘एनओसी येत आहे’ या वाक्यावर बयाणा देऊ नये.

सैन्याच्या लिलावातील गाड्यांबद्दल विशेष सावधगिरी हवी. अधिकृत लिलावाची पावती, विक्रीपत्र आणि त्यावरून झालेली नागरी नोंदणी ही साखळी अखंड असली पाहिजे. साखळीतील एक कडी जरी तोंडी असली, तरी गाडी सोडून द्यावी.

पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली जीप असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तिच्यावर माल वाहणे वा रोजचा प्रवास करणे नियमात बसत नाही.

नाव लावणे : सर्वांत महत्त्वाची पायरी

जुन्या गाडीच्या व्यवहारात ज्या एका सवयीने घरांचे सर्वाधिक नुकसान होऊ शकते, ती व्यापारी समाजात फार खोल रुजलेली आहे. ती म्हणजे शब्दावर व्यवहार. ओळखीचा माणूस असतो. पैसे रोख मोजले जातात. २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर कोऱ्या सह्या घेतल्या जातात आणि ‘नाव नंतर लावू’ म्हणून गाडी जाते. ती पुढे दुसऱ्याला, तिसऱ्याला विकली जाते. कागदोपत्री मालक मात्र पहिलाच राहतो.

असाच एक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोंदलेल्या मालकाने गाडी विकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली, पण आरसीवरील नाव बदलले नाही. २००९ साली त्या गाडीखाली एका मुलाचा जीव गेला. गाडी तर आपण कधीच विकली, असे पहिल्या मालकाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला : मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. त्यामागील विचारही न्यायालयाने स्पष्ट केला. ज्या कुटुंबाचे माणूस गेले, त्याने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही.

या निर्णयाचा अर्थ प्रत्येक दुकानदाराने आपल्या घराला लावून पाहावा. आजोबांची जीप गावातील ओळखीच्याला वीस वर्षांपूर्वी दिली. नाव लावले की नाही, कोणालाच आठवत नाही. त्या जीपने उद्या कोणाला धडक दिली आणि तिचा विमा नसला, तर नोटीस येईल ती दुकानाच्या पत्त्यावर. वर्षानुवर्षे जपलेली पत आणि साठवलेली रक्कम एका न लावलेल्या नावामुळे पणाला लागते. म्हणून विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवावे, घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, ही कायद्याची मुदत तंतोतंत पाळावी. पूर्ण रक्कम देण्याआधी काही भाग नाव लागेपर्यंत राखून ठेवणे हा दोन्ही पक्षांच्या हिताचा संकेत आहे. विमाही त्याच वेळी नव्या नावावर करून घ्यावा.

मालक दिवंगत झाले असतील तर वेगळी रीत आहे. वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत आपल्या नावे हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. पुष्कळ घरांत ही गोष्ट राहून गेलेली असते. वाड्यातील जुनी जीप दुरुस्त करण्याचा बेत असेल, तर मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी वारसांची संमती, मृत्यू दाखला आणि आरसी हे तीन कागद एकत्र करावेत. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून दुय्यम प्रत मिळवता येते. गाडीवर जुने कर्ज नोंदलेले असेल, तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र ३५ क्रमांकाच्या नमुन्यासह सादर करून ती नोंद उतरवून घ्यावी.

गाडी पाहण्याची रीत

कागद निर्दोष निघाले की गाडीकडे वळावे. सोबत आपला मिस्त्री असावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी लागते, पण ती वाया जात नाही. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. पोहोचण्याआधीच कोणी इंजिन गरम करून ठेवले असेल, तर थंड असताना ते सुरू होत नसावे, अशी शंका घ्यावी.

सर्वप्रथम गाडीखाली जावे. जीपचा प्राण तिच्या लोखंडी चौकटीत, म्हणजे चॅसिसमध्ये असतो. पाटे जेथे चौकटीला जोडले जातात त्या जागा, स्टिअरिंगचा बॉक्स जेथे बसतो ती जागा आणि आडव्या पट्ट्या नीट तपासाव्यात. हातोडीने हलके ठोकावे. टणक आवाज आला तर लोखंड जिवंत, बद्द आवाज आला तर आतून कुजलेले. वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर त्याचे कारण विचारावे. खाली नवा काळा रंग फासलेला असेल, तर तो अधिक बारकाईने खरवडून पाहावा. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीत गंजाची शक्यता अधिक. सोलापूर, लातूर, बीडसारख्या कोरड्या भागातील गाडी बाहेरून रापलेली दिसली, तरी खालून बहुधा चांगली निघते. पत्र्यावर चुंबक फिरवावा. तो जेथे धरत नाही, तेथे लांबी भरलेली असते.

मग इंजिन. सुरू करताना निघणाऱ्या धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा, दाट आणि गरम झाल्यावरही न थांबणारा धूर पाणी आत शिरत असल्याची शंका निर्माण करतो. डिझेल इंजिनात दाब दिल्यावर थोडा काळा धूर चालतो, सतत नको. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. तेथून जोराने वाफारा येत असेल, तर रिंग-पिस्टन झिजले आहेत आणि इंजिनाचे पूर्ण काम जवळ आले आहे. रेडिएटरमधील पाण्यावर तेलकट तवंग असेल, तर तेथेच नमस्कार करून निघावे.

यानंतर ती गोष्ट, जिच्यासाठी ही गाडी घ्यायची. गिअरच्या दांडीशेजारी ट्रान्सफर केसची दांडी आहे का? पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे का? पुढच्या धुरीच्या मध्यभागी डिफरन्शियलचा गोळा आहे का? या तिन्ही गोष्टी नसतील, तर ती दोन चाकांची गाडी आहे आणि तिची किंमतही तशीच हवी. दांडी असेल, तर मातीच्या मोकळ्या जागेवर जाऊन चारही चाके खरोखर ओढतात का ते पाहावे. मग हळू, ताकदीचा गिअर टाकून चढ चढावा. दांडी स्वतःहून बाहेर उडी मारत असेल, तर आतील दाते झिजलेले आहेत. ही परीक्षा डांबरी रस्त्यावर वळणे घेत करू नये. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुरीत गतीचा फरक सामावून घेणारी योजना नसते, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर यंत्रणेवर ताण येतो.

शेवटी रस्ता. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वेगात खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग थरथरू लागले, तर किंगपिनची बेअरिंग, स्टिअरिंगचे जॉइंट वा पाट्यांचे बुश झिजलेले असतात. काम अवाढव्य नसते, पण ते न करता गाडी चालवणे धोक्याचे. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का हेही पाहावे.

पडता भाव

आता हिशेब. समजा, कुटुंबाने या हौसेसाठी पाच लाख रुपये बाजूला काढले आहेत. म्हणजे पाच लाखांची गाडी पाहायची नाही, तीन ते सव्वातीन लाखांची पाहायची. नाव लावणे, नूतनीकरण, कर, विमा यांसाठी तीस-चाळीस हजार धरावेत. पाच टायर, बॅटरी, सर्व ऑइल, ब्रेक, पाइप, वायरिंग या पहिल्या तीन महिन्यांच्या कामांसाठी लाखाच्या आसपास रक्कम वेगळी ठेवावी. उरलेली रक्कम पहिल्या वर्षात उघडकीस येणाऱ्या दोषासाठी हात न लावता जपावी. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, गावागणिक ते बदलतील. प्रमाण मात्र सहसा बदलत नाही. माल आणल्यावर हमाली, तोलाई, भाडे धरून जसा पडता भाव काढतात, तसाच तो गाडीचाही काढावा.

कर्ज काढून जुनी जीप घेऊ नये. इतक्या जुन्या गाडीला कर्ज देण्यास बँका नाखूश असतात आणि जे मिळते त्याचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो. तसेच ही गुंतवणूक आहे, अशी स्वतःची समजूतही करून घेऊ नये. मूळ रूपातील चांगल्या जीपला भाव मिळतो हे खरे. पण तिच्यावर केलेला दुरुस्तीचा खर्च विकताना क्वचितच परत येतो. मोडकी गाडी स्वस्तात घेऊन ती नवी करण्याचा मोह म्हणूनच आवरावा. चालती, साधी, न नटवलेली आणि कागदांनी स्वच्छ असलेली गाडी दहा-पंधरा टक्के महाग मिळाली, तरी शेवटी तीच स्वस्त पडते.

घरच्यांची सुरक्षितता

एक गोष्ट हिशेबाच्या पलीकडची आहे. या गाड्यांत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. कित्येकांत मागे समोरासमोरची बाके आहेत आणि तेथे पट्टेही नाहीत. गाडी आखूड आणि उंच असल्याने वेगात झटक्याने वळवली तर ती उलटू शकते. कापडी छत पाऊस अडवते, आघात अडवत नाही. म्हणून घरातील मोठ्यांनी गाडी येण्याआधीच नियम ठरवावेत : वेग ताशी ६० च्या आत, द्रुतगती मार्गावर नाही, लहान मुले मागच्या बाकावर नाहीत, पुढे बसणाऱ्याने पट्टा लावायचाच, तो नसेल तर आधी बसवून घ्यायचा. मुलाने ‘पप्पा, सगळे असेच चालवतात’ म्हटले, तरी वडिलांनी या बाबतीत नमते घेऊ नये.

पेट्रोल गाडी असेल, तर इंधनाचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग बदलून घ्यावेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. इंजिनाजवळ झिरपणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

गाडी नेण्याची जागा

चारही चाकांची ताकद मिळाली म्हणजे कोठेही जाण्याचा परवाना मिळाला, असे होत नाही. सह्याद्रीचे सडे पावसाळ्यात उघडे, निर्मनुष्य आणि मोहक दिसतात. पण कातळावरील बोटभर मातीत त्या चार महिन्यांपुरती उगवणारी वनस्पती आणि तिच्यावर जगणारे जीव एका चाकाच्या रेघेखाली नष्ट होतात. कासच्या पठारावर निर्बंध आणावे लागले ते उगाच नव्हे. नदीचे पात्र, समुद्राची वाळू, कुणाचे पेरलेले शेत यांतून गाडी घालण्यात शौर्य नाही. आधीच्या बैलगाडीच्या वाटा, मळ्याचे रस्ते, घाटांतील कच्चे मार्ग एवढे रान जीपला पुरेसे आहे. ती त्याच वाटांसाठी बनली.

ज्याला दर रविवारी गाडीखाली डोकावण्याचा कंटाळा आहे, ज्याच्या गावात जाणता मिस्त्री नाही किंवा ज्याच्याकडे गाडी उभी करायला छप्पर नाही, त्याने ही हौस दुसऱ्याच्या जीपमध्ये बसून भागवावी. ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत, त्याने घाई न करता सहा महिने शोध घ्यावा, दहा गाड्या नाकाराव्यात आणि अकरावीचे कागद दोनदा वाचावेत. आणि पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी आरसीवर आपले नाव आले आहे, याची खात्री करून घ्यावी.